हूं म्हणायचं बटण

भंगारवाला साडेदहाला येणार होता, म्हणून नाना टिपणीस दहा वाजताच तयार होते. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्यांनी खाली उतरवला होता. पंधरा वर्षांची धूळ एका फाटक्या बनियनने पुसून झाली होती. आता देण्याआधी आत कुणाचे फोटोबिटो राहिले नाहीत ना एवढंच बघायचं होतं. त्यांनी वायर खोचली, बटण दाबलं. यंत्र दमेकऱ्यासारखं घरघरलं, पडदा बराच वेळ काळा राहिला, मग निळा झाला. नाना बनियनच्या कोपऱ्याने पडद्याची कड पुसत असतानाच बाजूच्या दोन चिमुकल्या स्पीकरमधून आवाज आला.

"आलात का? बसा."

नाना बसले. खुर्ची मागे आहे की नाही हेही त्यांनी पाहिलं नाही, नशिबाने होती.

आवाज मालतीबाईंचा होता. मालतीबाई, म्हणजे नानांची बायको, जाऊन दोन वर्षं चार महिने झाले होते.

'आलात का? बसा' हे त्या कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीतल्या बत्तीस पोरांना म्हणायच्या. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. आधी एसटी, मग पायी चढण. आणि संध्याकाळी कर्जतला परत येऊन, दहिवलीतल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कोर्टातून परतलेल्या नवऱ्यालाही त्या हेच म्हणायच्या, 'आलात का? बसा.' पोरं पुष्कळ म्हणून त्यांना 'आलात', नवरा एकटाच पण मानाचा म्हणून त्यालाही 'आलात'. आपल्या भाषेने नाना टिपणीसांना असं बत्तीस पोरांच्या सतरंजीवर नेऊन बसवलं होतं, आणि त्यांना ते त्या सकाळपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

पडद्यावर आठ चित्रं आली आणि यंत्र गप्प झालं. माउस जोडलेलाच नव्हता. नाना बेल वाजेपर्यंत तसेच बसून राहिले. भंगारवाल्याला त्यांनी एक बिघडलेला मिक्सर दिला आणि दार लावून घेतलं.

घरात मालतीबाईंचे फोटो ढिगाने होते. आवाज मात्र कुठेही नव्हता. लग्नकार्यात, सहलीला मोबाइल धरून उभ्या राहणाऱ्या त्याच, त्यामुळे सगळ्या व्हिडिओंत बाकीचेच बोलतात. त्यांनी पाठवलेले चार-दोन निरोप होते, ते नानांनी फोन बदलला तेव्हा गेले. मुलगी आसावरी बेंगळुरूला असते. तिने तेराव्यानंतर विचारलं होतं, "बाबा, आईचा आवाज आहे का हो कुठे?" नाना म्हणाले होते, "बघतो." मग दोन वर्षं ते न बघता राहिले, कारण बघायचं कुठे हेच ठाऊक नव्हतं. आणि तो आवाज डोक्यावर, माळ्यात, पोत्याखाली होता.

त्या आठ चित्रांची हकिगत अशी. वाडीत सोनुबाई नावाची एक ठाकरीण होती, तिच्यापाशी गोष्टींचा साठा. मालतीबाई मधल्या सुट्टीत तिच्या ओटीवर जाऊन बसायच्या. सोनुबाई दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं, की मग पुढचं. हूं आलं नाही तर गोष्ट तिथेच राहिली, मग कितीही विनवण्या करा. पुढे पुण्याची एक कंपनी मुलांसाठी बोलक्या गोष्टींची सीडी काढायला निघाली, तेव्हा मालतीबाईंनी सोनुबाईच्या सात गोष्टी आपल्या आवाजात दिल्या, पण एका अटीवर. कंपनीच्या माणसाने पुढे जायच्या बटणावर 'पुढे' असं लिहिलं होतं. बाईंनी ते पुसून 'हूं' लिहायला लावलं. हूं दाबलं नाही तर गोष्ट पुढे जायची नाही. कंपनी बंद पडली, वाड्यांवरच्या शाळांतल्या सीड्या बुरशीने खाल्ल्या. बाईंच्या कॉम्प्युटरवर होती तेवढी एकच प्रत राहिली.

आठवी गोष्ट सोनुबाईची नव्हती. ती मालतीबाईंनी स्वतः रचली होती. तिच्यात एकही प्राणी नाही म्हणून कंपनीने ती सीडीत घेतली नाही, पण बाईंच्या प्रतीत ती होती. रेकॉर्डिंगहून परत आल्यावर त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या होत्या, "आठवी माझी आहे बरं का. तुमच्यावरून सुचली."

नाना म्हणाले होते, "बरं." आणि पेपर उलटला होता.

इथे नानांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना दुष्ट समजाल. ते कर्जतच्या कोर्टात चौतीस वर्षं स्टेनो होते. दिवसभर साक्षीदारांचं ऐकायचं, वकिलांचं ऐकायचं, साहेबांचं ऐकायचं आणि बोटांतून कागदावर उतरवायचं. तोंडाला काम नाही. घरी आले की सदरा खुंटीला आणि कानही खुंटीला. त्यांनी बायकोवर कधी आवाज चढवला नाही, पण चढवायला मुळात आवाज काढावा लागतो. मालतीबाई बोलायच्या, मध्येच थांबायच्या, म्हणायच्या, "ऐकताय ना?" मग थोड्या वेळाने, "लक्ष कुठंय?" आणि मग, रागाने नाही, कणीक मळता मळता, "राहू दे. सांगेन मग कधीतरी." तसं कितीतरी राहिलं. त्या आठ गोष्टींपैकी नानांनी एकही ऐकली नव्हती.

त्यांनी चौक गावच्या भाग्यश्रीला फोन केला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पंक्चरवाला आणि धाबा यांच्या मधल्या गाळ्यात तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशीची, ठसठशीत बाई. वाडीवरच्या शाळेत मालतीबाईंच्याच हाताखाली शिकली, त्यामुळे बाईंचं यंत्र तिच्याकडेच जायचं.

"मंगळवारी लाइटीचा काय भरोसा नसतो," ती म्हणाली. "बुधवारी येते. तोवर चालू करू नका."

बुधवारी सकाळी ती स्कूटीवरून आली. यंत्राचं झाकण काढून आधी नुसतं कान लावून ऐकलं. आतून टक, टक असा बारीक आवाज येत होता.

"ही डिस्क चाललीय, नाना. आज हाय, उद्या नाय. गोष्टी एकात एक कोंबून कुलूप घातल्यागत ठेवल्यात, तसल्या फायली नाय काढता यायच्या. कंपनीवाल्यांना जमलं असतं, ते कवाच गेले."

"मग?"

"मग जे वाजतंय ते धरायचं. आवाज स्पीकरला जायच्या आदी साउंड कार्डातनं जातो ना, तितंच पकडायचा." तिने पिशवीतून जुनी कार्डं काढली; गाळ्यात पडलेल्या मेलेल्या यंत्रांतून ती अशी कार्डं काढून ठेवत असे. त्यातलं एक निवडून खाचेत बसवलं. "तुमच्या कार्डात ती सोय नव्हती. हे जुनं हाय, पन याच्यात स्टिरिओ मिक्स येतं. हे बगा, रेकॉर्डिंगला माइक नाय घ्यायचा, हे घ्यायचं. म्हंजे कॉम्प्युटर जे सोता बोलतो तेवडंच त्याच्यात जातं. तुमी खोलीत बोंब मारली तरी यायची नाय."

"खोकलो तर?"

"खोका की. आत नाय जात."

चाचणीसाठी तिने पहिल्या चित्रावर टिचकी मारली. आवाज आला, "आलात का? बसा. खेकड्याला सून आणायची होती." आणि थांबला.

"हूं," भाग्यश्री म्हणाली. स्क्रू ड्रायव्हर हातात, डोळे वायरींवर, आणि तोंडातून आपसूक हूं. मग स्वतःशीच हसली आणि बटण दाबलं. नाना तिच्याकडे पाहत राहिले. एवढं सोपं होतं तर.

तिने सगळं कागदावर लिहून दिलं. लाल गोल दाबा, गोष्ट लावा, दर वेळी हूं दाबा, संपली की पेनड्राइव्हवर सेव्ह करा. आठवी आधी घेता आली असती तर बरं, असं नानांनी विचारलं. पण प्रोग्रॅम क्रमाने जायचा. एक पूर्ण झाली की पुढच्या चित्राला रंग येई, आणि यंत्र एवढी वर्षं बंद असल्यामुळे सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून होता.

"याच्याफुडं मानूस बसायला लागतो," ती दारात चपला घालताना म्हणाली. "मी बसले असते, पन दुकान उगडं टाकून आलेय. एक ध्यानात ठेवा. बंद करू नका, आनि धरलेलं मदी मदी ऐकत बसू नका. आदी आठी धरून घ्या. ऐकायला सगळा जन्म पडलाय."

ती गेली. नानांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, गरज नसताना. लाल गोल दाबला, पहिलं चित्र दाबलं आणि हाताची घडी घालून बसले.

"आलात का? बसा. खेकड्याला सून आणायची होती."

आणि शांतता.

हूं दाबायचं होतं. कागदावर लिहिलेलं होतं, त्याखाली रेघही होती. पण नानांचा हात हलला नाही. एक तर कोर्टातली सवय. जबानी चालू असताना कागदसुद्धा वाजवायचा नाही. आणि खरं कारण असं, की मालती थांबली की पुढे आपणहून बोलते, ही त्यांची चाळीस वर्षांची समजूत होती. ते वाट पाहत राहिले.

"ऐकताय ना?" आवाज म्हणाला.

नानांनी हाताची घडी सोडली.

"लक्ष कुठंय?"

ते उठून उभे राहिले. माउस टेबलावरून खाली पडला, वायरीला लोंबकळू लागला. तो उचलेपर्यंत आवाज म्हणाला, "राहू दे. सांगेन मग कधीतरी." आणि चित्रं गेली, प्रोग्रॅम मिटला.

कंपनीच्या माणसाने विचारलं असणार, बाई, मुलाने बटण दाबलंच नाही तर काय बोलायचं? आणि मालतीबाईंनी ही तीन वाक्यं दिली असणार. शाळेत त्यांची कधी गरज पडली नसेल. तिथली पोरं भाग्यश्रीसारखी झोपेतही हूं म्हणतात. ही वाक्यं कुठल्या घरातून पुण्याला गेली हे नानांना कुणी सांगायला नको होतं. त्यांना लाज वाटली, रिकाम्या घरात, कुणी बघत नसताना.

ते बिघडलेलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंगही त्यांनी सेव्ह केलं, कारण कागदावर तसं लिहिलं होतं. मग प्रोग्रॅम पुन्हा उघडला.

"आलात का? बसा."

आता मात्र ते चुकले नाहीत. खेकड्याची सून झाली, चांदण्या वेचणारी म्हातारी झाली. तिसऱ्या गोष्टीत, उंबराखालची वाघीण बाळंत होते तिथे, बाई थांबल्या आणि नानांच्या तोंडून आवाज निघाला, "हूं." बटण दाबायला ते विसरलेच, मग दाबलं. तिथून पुढे दर वेळी ते मोठ्याने हूं म्हणू लागले. आधी कोर्टात हजेरी दिल्यासारखं, मग जरा सैल. कुठे 'हूं', कुठे 'हूं?', आणि वाघिणीचं पिल्लू हरवतं तिथे चक्क 'अरेरे.' दुपार झाली. जेवण त्यांनी केलं नाही. मालती इतकी मजेदार बोलायची? वाघिणीचा आवाज काढायची? हे चाळीस वर्षं या घरात, दहा फुटांवर चालू होतं, आणि आपण कान खुंटीला लावून बसलो होतो.

चौथी झाली, पाचवी झाली. सहावी संपली तेव्हा चार वाजले होते. ती पावसात हरवलेल्या नणंद-भावजयीची होती, आणि मालतीबाईंनी तिच्यात मध्येच चार ओळी गुणगुणल्या होत्या. नानांनी ती सेव्ह केली आणि नीट आली आहे ना हे बघायला लावली. नीट आली होती. हे समजायला अर्धं मिनिट पुरे होतं. पण गुणगुणणं अजून आलं नव्हतं, म्हणून ते थांबले. ते आलं, म्हणून आणखी थांबले. मग ती गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा पहिल्यापासून लावली. आतली टकटक वाढली होती, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. जन्मभर न ऐकलेला माणूस नेमका त्या दिवशी ऐकत बसला.

सातवी सव्वापाचला सुरू झाली, सहाला संपली. सेव्ह झाली. आठव्या चित्राला रंग आला. चित्रात प्राणी नव्हता. खुर्चीत बसलेला एक माणूस होता, पाठमोरा.

नानांनी लाल गोल दाबला.

"आलात का? बसा. ही गोष्ट सोनुबाईची नाही, माझी आहे."

"हूं," नाना म्हणाले.

"एका गावात एक माणूस होता. साऱ्या तालुक्याचं बोलणं त्याच्या कानात साठलेलं असायचं."

"हूं."

"त्याच्या बायकोला वाटायचं, याच्या कानात आपल्यापुरती जागा कुठे असेल. मग एक दिवस तिने ठरवलं."

"हूं," नाना म्हणाले आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. बाण पडद्यावर जागच्या जागी खिळला होता. आतून टक, टक, टक, मग एक घासल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी आल्या.

"ऐकतोय मी," नाना म्हणाले. "मालती, ऐकतोय. काय ठरवलं?"

ते हे बऱ्याच वेळा म्हणाले. शेजारच्या बाल्कनीत कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं, त्यांनी ते ऐकलं असणार. दिवेलागण झाली तरी त्यांनी दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शेअर रिक्षाने चौकला गेले, यंत्र चादरीत बांधून, मांडीवर घेऊन. भाग्यश्रीने तासभर खटपट केली आणि मान हलवली.

"आठवी गेली, नाना. सेव्ह नवती झाली. कितीला सुरू केली?"

"सहाला."

"मी तर साडेपाचपर्यंत आठी होतील म्हनून धरलं होतं."

नाना चादरीची घडी घालू लागले. तिला समजलं.

"कुणाला माहीत असेल का ती?" त्यांनी विचारलं.

"सोनुबाईची असती तर वाडीत कुनीबी सांगितली असती. बाईंची सोताची ती. बाईंनी तुमाला घरी नाय कदी सांगितली?"

समोरून एक कंटेनर गेला, गाळ्याचं शटर थरथरलं. भाग्यश्री सात गोष्टी त्यांच्या मोबाइलमध्ये भरत होती.

"आनि ही पयली बिगडलेली हाय, दोन मिंटांची. ही उडवू?"

"राहू दे," नाना म्हणाले.

मालतीबाई हे दोन शब्द म्हणायच्या तेव्हा त्यांचा अर्थ व्हायचा, सोडा. नानांना म्हणायचं होतं, ठेव. शब्द तेच.

आसावरीला त्यांनी सातही पाठवल्या. तिचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ रडलीच. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? आई थांबते ना, तेव्हा कुणीच काही म्हणत नाही. ती थांबते, मग आपली आपणच पुढे बोलते. ऐकताना कसंतरी होतं."

"मी म्हणत होतो," नाना म्हणाले.

"काय?"

"हूं म्हणत होतो. मोठ्याने. ते त्यात येत नाही."

"बरं," आसावरी म्हणाली. तिला ते पटलं की नाही, हे नानांना फोनवरून कळलं नाही.

आता रोज संध्याकाळी ते चहा घेऊन खुर्चीत बसतात आणि मोबाइल टेबलावर ठेवतात. सातांतली एखादी लावतात. पण त्या गोष्टींत मालतीबाई आता कुणासाठी थांबत नाहीत. त्या बुधवारी नानांचं बोट जेवढ्या वेळात बटणावर गेलं तेवढीच फट मध्ये आहे. त्यांचा हूं अर्धा होतो तोवर बाई पुढे गेलेल्या असतात. ते गाठायला बघतात, दमतात, आणि शेवटी ती बिघडलेली लावतात. तिच्यात फट मोठी आहे.

"आलात का? बसा. खेकड्याला सून आणायची होती."

"हूं," नाना म्हणतात. वेळेवर, स्वच्छ.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"लक्ष कुठंय?"

"इथंच आहे गं. तुझ्याकडेच आहे."

"राहू दे. सांगेन मग कधीतरी."

"कधी?" नाना विचारतात. फाईल तिथे संपते.